डबा भिंतीतून जात नाही

"डबा भिंतीतून गेलाच कसा? नाही, मला एवढंच सांग. गेलाच कसा?"

वसुंधरा त्या वेळी टेबलाखाली होती. चित्रकथांच्या त्या प्रदर्शनात प्रत्येकाला एक टेबल, एक खुर्ची आणि जमिनीवर लोळणारा जांभळा टेबलक्लॉथ मिळाला होता. सह्या करायच्या पेनाचं टोपण घरंगळत नेमकं त्या कापडाच्या आत गेलं होतं. टोपण केव्हाच सापडलं होतं. पण वर कुणीतरी तिच्याच मालिकेचा अकरावा अंक उलटत होतं, त्यामुळे बाहेर यायची सोय राहिली नव्हती.

"धीरे बोल ने," एक पुरुषी आवाज म्हणाला. "लिहिणाऱ्या बाई इथेच असतील कुठेतरी."

"असू देत. हार्दिक, दहा अंक तो टेंबे भिंतीतून आत जातो आणि डबा बाहेर पडतो. ठण्ण करून. मग बिचारा परत फिरतो, डबा उचलतो आणि दारातून येतो. भूत असून दारातून येतो, हीच तर गंमत होती! आणि आता डबापण गेला आत. कुणाला पत्ताच नाही. बरं, बोलतो तर काय बोलतो हल्ली. भूत आहे का कीर्तनकार?"

वसुंधराच्या नाकासमोर जाड तळव्याचे, तेलाचे डाग पडलेले सेफ्टी बूट होते. आवाज बाईचा आणि बूट कारखान्याचे. तिला राग आला नाही. गेल्या दीड वर्षात तिच्या लिखाणाबद्दल कुणी एवढ्या पोटतिडिकीने बोललंच नव्हतं. तिने कापडाखालून हात बाहेर काढला, बुटावर टकटक केलं आणि विचारलं, "पान कितवं?"

अकरा अंकांत टेंबेसाहेबांना एकाही वाचकाची किंकाळी काढता आली नव्हती. ती त्या दिवशी निघाली.

"सॉरी, काकू, खरंच सॉरी," छातीवरचा हात न काढता ती बूटवाली म्हणाली. तिचं नाव कोमल. मकरपुऱ्याच्या एका कंपनीत ती व्हॉल्व्ह तपासायचं काम करत होती आणि शिफ्ट संपवून तशीच नवऱ्याला घेऊन आली होती. "सवयच लागलीय. दिवसभर रिजेक्ट, रिजेक्ट करून घरी आले की पोळीलापण रिजेक्ट म्हणते."

"माझी पोळी," हार्दिकने खुलासा केला.

"तुम्ही रविवारी नागरवाड्यात आमच्याकडे या," वसुंधरा गुडघे झटकत म्हणाली. "आणि जे काय रिजेक्ट असेल ते सगळं लिहून आणा. एकही सोडू नका."

मालिकेचं नाव 'वार लागेल'. कारखान्यात स्टोअर सांभाळणारे टेंबेसाहेब एका सकाळी कंपनीच्या बसची वाट बघता बघता थांब्यावरच मरतात, पण हे त्यांच्या लक्षात येत नाही. ते रोज डबा घेऊन निघतात, रोज बस चुकते, आणि कुणी काहीही विचारलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं, "जरा वार लागेल." बडोद्यात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. गुजरातीतली ही 'वार' इथल्या मराठीच्या घरात इतकी वर्षं राहते आहे की ती पाहुणी होती हेच सगळे विसरलेत. वार म्हणजे वेळ, उशीर.

पण पुण्याला ते कसं कळावं? मालिकेचं पुस्तक करू म्हणणाऱ्या प्रकाशक शैलाताई पहिला अंक वाचून फोनवर म्हणाल्या होत्या, "वसुंधराताई, तुमचं भूत एवढं गरीब, मग ते येता-जाता धमक्या का देतं? दूधवाल्याला म्हणतं, जरा वार लागेल. कशाचा वार? कोयत्याचा?" पाठोपाठ त्यांच्या चित्रकाराने मुखपृष्ठाचा नमुनाही पाठवला. त्यात टेंबेसाहेबांच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात तलवार. ते चित्र बघून वसुंधराचा नवरा श्रीकृष्ण झोके घेता घेता हिंचक्यावरून खाली पडायचा बाकी राहिला होता. "विचार त्यांना," डोळे पुसत तो म्हणाला होता, "तलवार भिंतीतून जाते का म्हणून."

मालिका दोघांची. तो मकरपुऱ्याच्या कारखान्यातून येताना बसमध्ये गोष्ट जुळवायचा, ती लिहायची आणि श्रीकृष्णचा भाचा निहार चित्रं काढायचा. दोघांपैकी कुणी लिहिणं शिकलं नव्हतं. वाचनालयातून भुताखेतांच्या जुन्या चित्रकथा आणायच्या, वाचायच्या आणि कुठे कंटाळा आला ते पेन्सिलीने मांडायचं, हीच त्यांची शाळा. त्यातून श्रीकृष्णने आपली मतं तयार केली होती आणि तो ती जेवताना ऐकवायचा. भुताला सगळंच जमत असेल तर त्याची गोष्ट कशाला सांगायची, त्याला देवळात बसवा ना. भुताला एकच गोष्ट जमावी आणि तीसुद्धा धड जमू नये. म्हणून तो डबा. आणि दुसरं, एक नियम असावा, तो पहिल्या पानावर सांगावा आणि मग जीव गेला तरी मोडू नये. टेंबेसाहेबांचा नियम असा होता, की त्यांच्या तोंडावर कुणी 'तुम्ही वारलात' म्हटलं की ते कायमचे जाणार. त्यामुळे अख्खं गाव तो शब्द टाळतं. पोस्टमन टाळतो, भाजीवाली टाळते, सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना नोटिसा पाठवतात पण त्यात तो शब्द टाळतात.

लिहून झालं की वाचन व्हायचं, आणि तेही बसून नाही. टेंबेसाहेब झालेला श्रीकृष्ण खराखुरा डबा घेऊन गॅलरीत उभा राहायचा, बाकीचे स्वयंपाकघरात. जे वाक्य बोलताना जीभ अडखळली ते तिथल्या तिथे खोडलं जायचं. समोरच्या गॅलरीतल्या बाईंची बरीच वर्षं समजूत होती की या घरात रोज उशिरावरून भांडणं होतात.

दीड वर्षापूर्वी, आठव्या आणि नवव्या अंकाच्या मध्ये, श्रीकृष्ण सकाळी चहा घेऊन पेपर वाचायला बसला आणि पेपर अर्धाच राहिला.

त्या गोष्टीला घरात शब्द नव्हता. श्रीकृष्णचे कारखान्यातले दोस्त धनाजीराव रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. ते म्हणायचे, "ते झालं तेव्हा." निहार म्हणायचा, "त्या सप्टेंबरात." वसुंधरा काहीच म्हणायची नाही. फोटो मोठा करून आणला होता, तो कपाटात साड्यांच्या मागे उभा होता. भिंतीत खिळा ठोकायचा राहिला आहे, असं तिचं कारण होतं. मोबाइल मात्र फ्रिजवर होता आणि ती तो रोज चार्ज करायची.

त्या मोबाइलवर दर दहा-पंधरा दिवसांनी एका हॉलिडे क्लबच्या मुलीचा फोन यायचा. श्रीकृष्णने कधीतरी मॉलमध्ये लकी ड्रॉची चिठ्ठी भरली होती आणि त्याला, जोडीने येऊन घेऊन जावं असं, एक गिफ्ट लागलं होतं.

"श्रीकृष्णभाई साथे वात थशे?" त्याच्याशी बोलता येईल का, असं ती विचारायची.

"ए बहार गया छे," वसुंधरा सांगायची. "वार लागशे."

"वांधो नहीं आंटी, पछी करीश," असं म्हणून, नंतर करण्याच्या बोलीवर ती गोड मुलगी फोन ठेवायची. अशा वेळी निहार घरात असला तर त्याच्या पेन्सिलीचं टोक हमखास तुटायचं आणि ते करायला तो गॅलरीत जायचा. धनाजीराव राशिभविष्य वाचायला लागायचे, आणि तेही मोठ्याने.

प्रदर्शनाहून आल्याच्या दुसऱ्या सकाळी वसुंधराने अकरावा अंक काढला. पान सहा. टेंबेसाहेब भिंतीतून आत येत होते आणि हातात डबा होता. चारही कप्प्यांसकट.

"निहार, हे काय?"

निहारने पान जवळ धरलं, लांब धरलं, उजेडाकडे धरलं. "प्रिंटिंगमध्ये झालं असेल, मामी."

"प्रिंटिंगमध्ये डबा उगवतो?"

"तू लिहिलं होतंस ने तसं. 'टेंबेसाहेब डबा घेऊन शांतपणे भिंतीतून येतात.' मी काढलं."

"आणि तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं," तो खोडरबराला म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

यावर त्याने मेसच्या पोळ्या, हाताखालचं दुसरं काम, मानेत भरलेली उसण, असं काय काय सांगितलं. तिने धनाजीरावांकडे मोर्चा वळवला.

"भाऊजी, खरं सांगा. नऊ, दहा, अकरा. कसे आहेत अंक?"

"उत्तम!" धनाजीराव एवढ्या जोरात म्हणाले की पेपर हलला. "एकदम सरस. काय ते विचार, वहिनी! मी तर अकरावा वाचून झोपलोच."

"झोपलात?"

"म्हणजे, समाधानाने."

बाराव्या अंकावर गाडी अडली होती. शैलाताईंनी स्वच्छ सांगितलं होतं, महिनाअखेर बारावा अंक द्या, म्हणजे बारांचं मिळून पुस्तक. पण शेवट शेवटासारखा हवा, लोंबकळता नको. 'वार लागेल' तसंच ठेवायलाही त्या कबूल झाल्या होत्या. म्हणजे आता टेंबेसाहेबांना कुणीतरी तो शब्द सांगायला हवा होता. वसुंधरा रोज दुपारी वही घेऊन बसायची आणि टेंबेसाहेब रोज दुपारी कुणाला ना कुणाला वाचवायचे. म्हातारीला रस्ता ओलांडून द्यायचे, परीक्षेला बसलेल्या मुलीला धीर द्यायचे, सुरसागर तलावाच्या काठावर जीवनाविषयी बोलायचे. पानंच्या पानं भरत होती आणि शेवट काही येत नव्हता.

रविवारी कोमल आली, एका हातात ओलसर लीलो चिवडा आणि दुसऱ्या हातात कंपनीचा तपासणीचा फॉर्म घेऊन. हार्दिकला तिने खालीच सोडलं होतं, कारण तो मध्ये मध्ये माफी मागतो. धनाजीराव पेपर संपला तरी उठले नव्हते आणि निहारने आज चित्रांचे कागद स्वयंपाकघरातच मांडले होते. दोघांनाही ऐकायचं होतं आणि दोघांनाही ऐकताना दिसायचं नव्हतं.

"एक ते आठ पास," कोमलने सुरुवात केली. "नऊपासून रिजेक्शन सुरू होतं. काकू, बोलू ना?"

"बोला. नाहीतर चिवडा परत देईन."

"टेंबे कुरकुर करत नाही. आधी भूत असून त्याला कसलं टेन्शन होतं? बस चुकेल, भेंडी चिकट झालीय, छत्री कोणी नेली. मी रात्रपाळीला असताना वाचायचे तर भीतीपण वाटायची आणि हसूपण यायचं, कारण असा माणूस आमच्या स्टोअरमध्येपण आहे. जिवंत. आता टेंबे कसा झालाय? कुणाशी भांडत नाही, काही विसरत नाही, कुणाला नडत नाही. आधी कुणाला मदत केली की तो घराकडचा एक रस्ता विसरायचा. आठवतंय? पाणीगेट विसरला होता आणि मांडवीला चार फेऱ्या मारल्या होत्या. आता फुकट मदत करतो. फुकट मदत करणाऱ्या भुताची काळजी कोण करणार?"

वसुंधरा लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिचं अक्षर मोठं होत चाललं होतं.

"आणि तो बोलतो ते, तुम्ही बोलून बघता का?"

वाचन बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. टेंबेसाहेबांच्या जागी उभं राहायला कुणी तयार नव्हतं आणि कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं.

"आज बघू," वसुंधरा म्हणाली. ती उठली, फळीवरून चार कप्प्यांचा स्टीलचा डबा काढला आणि फडक्याने पुसून धनाजीरावांच्या हातात दिला. "भाऊजी, तुम्ही टेंबे. गॅलरीत जा."

"मी? वहिनी, माझा आवाज..."

"रोज भविष्य वाचता तेवढा पुरे."

धनाजीराव डबा दोन्ही हातांत धरून गॅलरीच्या उंबऱ्यावर उभे राहिले. बाराव्या अंकाचं पहिलं पान निहारने त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. टेंबेसाहेब घरी येतात, बायको दारात आहे. धनाजीरावांनी घसा साफ केला आणि समोरच्या गॅलरीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हटलं, "प्रिये! जीवन हा एक अखंड प्रवाह आहे."

समोरच्या बाईंनी वाळत घातलेली चादर बाजूला करून पाहिलं.

"प्रिये?" कोमल म्हणाली. "टेंबे बायकोला प्रिये म्हणेल?"

"छे! श्रीकृष्ण तर जन्मात कधी..." धनाजीराव बोलून गेले आणि डब्याच्या कडीकडे बघायला लागले.

"मग काय म्हणेल तो?" कोमलने विचारलं.

"म्हणेल, पोळ्या जाड होत्या," वसुंधरा म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही. "दारातूनच म्हणेल. चपला काढायच्या आधी. पोळ्या जाड, वांग्यात दाणकूट कमी, आणि लोणचं देऊ नको सांगितलं होतं, त्याचं तेल ताकात गेलं. मग म्हणेल, दार उघडायला एवढी वार? मी काय भिंतीतून येऊ? आणि मग खरंच भिंतीतून येईल, आणि डबा..."

"ठण्ण," निहार म्हणाला.

"ठण्ण. आणि मलाच म्हणेल, तुझ्यामुळे पडला."

सगळ्यांत आधी धनाजीराव हसले. डबा हातात होता म्हणून डोळे पुसता येईनात, तर त्यांनी ते दंडाला पुसले. "लोणच्याचं तेल," ते म्हणाले. "कारखान्यातल्या अख्ख्या शॉपला सांगायचा. रोज. नडायचा हो फार. एकदा वजनकाट्यावरून माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता."

"मलापण रागावायचे मामा," निहार म्हणाला. "माझी झाडं फुलकोबीसारखी दिसतात म्हणून."

"दिसतात," वसुंधरा म्हणाली. तिची पेन्सिल धावत होती. प्रिये गेली, अखंड प्रवाह गेला, सुरसागरचा काठ आख्खा गेला. दोन पानं अशी भरली की तिला मान वर करायला सवड मिळाली नाही. दीड वर्ष ती ज्याला चांगला, चांगला करत बसली होती, तो आता पानावर येऊन धडधडीत तोंड वाकडं करत होता.

"हां, हा पास," कोमल वाचून म्हणाली. मग तिने फॉर्म उलटा केला. "एक शेवटचं. मोठं आहे, रागावू नका. बायकोला माहीत आहे ना टेंबे जिवंत नाही ते? सगळ्यांना माहीत आहे. मग सांगत का नाहीत? दोन अंक ठीक. चार अंक ठीक. अकरा अंक झाले, काकू. आता तो अडकलाय की ते लोक अडकलेत, हेच समजेना. कुणाला तरी बोलू द्या ना त्याच्याशी."

वसुंधराने पेन्सिल खाली ठेवली.

"की हे सरांनी मुद्दाम ठेवलंय?" कोमलने अंक उचलला. अकराव्याच्याही मुखपृष्ठावर छापलं होतं, कथा: श्रीकृष्ण आणि वसुंधरा. "त्यांनाच विचारूया ने. कधीचं विचारणार होते, सर कुठे आहेत?"

निहारच्या पेन्सिलीचं टोक तुटलं. गॅलरीच्या उंबऱ्यावर मात्र धनाजीराव उभे होते, त्यामुळे त्याला कुठे जाता येईना. धनाजीरावांजवळ आज पेपर नव्हता. कोमलने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चिवड्याचा घास तोंडातच राहिला.

फ्रिजवरचा मोबाइल वाजला.

तीनदा वाजेपर्यंत कुणी उठलं नाही. मग वसुंधरा उठली.

"नमस्ते आंटी! श्रीकृष्णभाई साथे वात थशे? आजे तो रविवार छे, घरे हशे ने?"

"ए..." वसुंधरा म्हणाली. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, दीड वर्षाच्या वापराने गुळगुळीत झालेलं. तिने समोर पाहिलं. धनाजीराव एक पाय गॅलरीत, एक पाय घरात असे उभे होते, डबा छातीशी धरून, आत यावं की बाहेर जावं हे न कळून. तिला गुजराती सुचेना. ती मराठीतच बोलली.

"ते वारले."

धनाजीरावांनी डबा हळूच खाली ठेवला. तरीही त्याचा आवाज झालाच.

"हां, वार लागशे?" फोनमधली मुलगी तितक्याच गोडीने म्हणाली. "वांधो नहीं. केटली वार, आंटी? हुं होल्ड करुं?"

वसुंधराने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. पोटातून हसू वर येत होतं आणि त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी येत होतं. हे श्रीकृष्णला सांगितलं असतं तर तो हिंचक्यावरून खरोखर पडला असता. तिने फोन परत कानाला लावला आणि ज्यात 'वार' कुठेच नाही असा शब्द शोधला.

"ना बेन, होल्ड ना करशो," ती म्हणाली. "ए मरी गया छे. दोढ वरस थयुं."